किल्ली कोणी दिली?



स्मृती व्याख्यानात वक्त्याने पहिली दहा मिनिटं आभार आणि आठवणींत घालवायची, असा आपल्याकडचा रिवाज आहे. पण येताना बाहेर गाड्या कशा लागल्या आहेत ते मी पाहिलं. वेळेत सोडलं नाही तर तुमच्यापैकी निम्मे लोक माझ्यावर चिडण्याऐवजी एकमेकांवर चिडतील. म्हणून आभार एका वाक्यात मानतो आणि विषयाकडे येतो.

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘किशोरवयीन चालक आणि रस्त्यावरची सुरक्षा’. मुलांना समोर बसवून चार गोष्टी सुनवाव्यात, असा हा विषय वाटतो. संयोजकांनी विचारलंही होतं, शाळा-कॉलेजची मुलं आणू का? मी म्हटलं, नको. आईवडील आणा, आजोबा आणा, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणा. मला जे बोलायचं आहे ते त्यांच्याशी बोलायचं आहे. मुलांना व्याख्यानं पुष्कळ मिळतात. रस्ता सुरक्षा सप्ताहात फलक घेऊन उभं कोणाला करतात? त्यांनाच.

माझा पेशा वकिलीचा. ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हयात गेली. लोक त्याला नुसतं ‘क्लेम कोर्ट’ म्हणतात. कधी मृताच्या घरच्यांकडून उभा राहिलो, कधी गाडीमालकाकडून, काही वर्षं विमा कंपन्यांकडूनही. त्यामुळे तिन्ही बाजूंचं खोटं मला बऱ्यापैकी ओळखता येतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातून अपघात झालेलं प्रकरण आलं की गाडीचा मालक, म्हणजे बाप, काका किंवा मामा, साक्षीच्या पिंजऱ्यात येतो आणि एक वाक्य हमखास बोलतो. “साहेब, त्याने मला न विचारता किल्ली घेतली.”

आज मी या एका वाक्यावर बोलणार आहे. किल्ली कोणी दिली? का दिली? आणि द्यावी लागू नये म्हणून आपल्या भाईंदर गावाने काय केलं?

आधी चार-पाच आकडे. फार नाहीत, घाबरू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. भागाकार केला तर तासाला १९ येतात. माझं हे व्याख्यान संपेपर्यंतचा हिशेब तुम्हीच करा. त्यातली १५ हजारांवर आपल्या महाराष्ट्रातली. गेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. आणि अठराच्या आतली मुलं साडेनऊ हजार. ही साडेनऊ हजार मुलं सगळी गाडी चालवत होती असं मुळीच नाही. त्यात शाळेला चालत निघालेलं पोर आहे, बापाच्या पुढ्यात टाकीवर बसलेलं लेकरू आहे, मित्राच्या मागे तिसरा म्हणून चिकटलेला मुलगाही आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयात जगभर सर्वांत जास्त बळी घेणारी गोष्ट रस्त्यावरचा अपघात आहे. डेंग्यूची साथ आली की आपण गच्चीवरच्या टाक्या तपासतो. या साथीत आपण काय तपासतो?

आता कायदा. कंटाळवाणा आहे, पण किल्लीचा प्रश्न त्याच्यातच अडकलेला आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ४ म्हणतं, अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचं नाही. एक अपवाद आहे, सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल. लुना आठवते का? १९७२ साली आलेली, ५० सीसीची, चढावर पायडल मारायला लागायची. तो अपवाद त्या जातीच्या गाडीसाठी. आज तुमच्या दारातली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची आहे. शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची पेट्रोलची गाडी मागून बघा, विक्रेता तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तेव्हा जिन्यात जे ऐकू येतं, “सोळा पूर्ण झालीत ना, मग गिअरची नसली की चालते,” ते धादांत चूक आहे. गिअर नसल्याने सीसी कमी होत नाही.

दुसरी पळवाट बॅटरीच्या गाडीची. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर त्या गाडीला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. पण वेगाची मर्यादा काढून देणारे लोक बाजारात निघाले. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाला अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. तुमच्या मुलाची ‘बिनालायसन्सची’ स्कूटर जर रिक्षाला मागे टाकत असेल, तर ती बिनालायसन्सची उरलेली नाही. हे पोलिसांच्या आधी तुम्हाला कळायला हवं.

आता मालकाकडे वळू. कलम ५ सांगतं, ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याच्या हाती मालकाने गाडी द्यायची नाही. दिली तर कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ. हे सगळ्यांनी नीट ऐका. अठराखालच्या मुलाने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी आहे असं धरलं जातं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसन्ससुद्धा नाही. यासाठी कोणी मरायला हवं असं नाही, कोणी जखमी व्हायला हवं असंही नाही. सुटकेची वाट एकच, मला माहीत नव्हतं किंवा मी सगळी योग्य खबरदारी घेतली होती, हे पालकाने स्वतः सिद्ध करायचं. सरकार पक्षाने नव्हे, पालकाने. म्हणजे ते पिंजऱ्यातलं वाक्य नुसतं बोलून भागत नाही.

ते कसं सिद्ध करणार? माझ्यासमोरच्या एका प्रकरणातली उलटतपासणी सांगतो. नाव-गाव सांगत नाही. मुलगा सतराचा, मागे दोन मित्र, रात्रीची वेळ, रस्त्याच्या कडेने चाललेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना धडक. वडील साक्षीला. किल्ली कुठे असते? दाराजवळच्या खिळ्यावर. घरात सगळ्यांना माहीत आहे? आहे. आदल्या आठवड्यात दूध कोणी आणलं? गृहस्थ गप्प. गाडीवरून आणलं की चालत? तरीही गप्प. न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. सकाळी दुधाला, दुपारी आजीच्या गोळ्यांना, संध्याकाळी झेरॉक्सला, असं रोज ज्याच्या हातात किल्ली आपण देतो, त्याने रात्री ती ‘न विचारता’ घेतली, हे कोण मानेल? मंडळी, घरातल्या कपाटाच्या लॉकरची किल्ली कुठे आहे हे आईखेरीज कोणाला ठाऊक नसतं. स्कूटरची मात्र खिळ्यावर!

हाच बचाव थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २०११ चा निकाल आहे, प्रकरण दिल्लीचं. मोटारसायकल मालकाची, चालवणारा घरच्याच नात्यातला अल्पवयीन मुलगा, लायसन्स नाही, आणि अपघातात समोरचा माणूस गेला. मालकाचं म्हणणं तेच, त्याने परवानगीशिवाय किल्ली घेतली. न्यायालयाने सांगितलं, आपल्या गाडीचा गैरवापर होऊ नये, त्यातही लायसन्स नसलेल्या अल्पवयीनाकडून होऊ नये, हे पाहणं मालकाचंच काम होतं. भरपाईचा बोजा मालकावर.

इथे विम्याची गोष्ट सांगायला हवी, कारण “विमा आहे ना” या तीन शब्दांवर अर्धं भाईंदर निर्धास्त झोपतं. विमा आहे, पण कोणासाठी? २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून न्यायालयांनी साधारण अशी वाट धरली आहे की लायसन्स नसलेल्याने गाडी चालवली तरी मेलेल्याच्या घरच्यांना विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. हे योग्यच आहे. ज्याचा मुलगा गेला त्याने आणखी वीस वर्षं का थांबावं? पण वसुलीची नोटीस घरी येते तेव्हा मालकाला पहिल्यांदा कळतं की आपण ज्याचा हप्ता भरत होतो ते छत्र आपल्या डोक्यावर नव्हतंच. कलम १७४ खाली ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, कलेक्टरमार्फत वसूल होऊ शकते. म्हणजे जप्ती. मी फ्लॅट विकलेले पाहिले आहेत. ज्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी फ्लॅटवर कर्ज काढायचं ठरलं होतं, त्याच मुलाच्या एका रात्रीसाठी.

भरपाई किती धरतात? वर्षाच्या उत्पन्नाला एका गुणकाने गुणतात. २००९ च्या निकालाने त्याचा तक्ता घालून दिला आहे. वय वाढत जातं तसा गुणक उतरत जातो, आणि सगळ्यांत वरचा गुणक, १८, हा पंधरा ते पंचवीस वयाच्या मृतासाठी आहे. आमच्या कोर्टात सर्वांत महाग मरण याच वयाचं. ते मरण मागे बसलेल्या मित्राचंही असू शकतं, हे ध्यानात ठेवा. मग दावा लावणारे त्याचे आईबाप असतात, आणि ते तुमच्याच मजल्यावर राहत असतात.

पुण्याबद्दल तुम्ही मघापासून वाट बघत असाल. १९ मे २०२४. कल्याणीनगर. पहाटे अडीचच्या सुमारास सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने मोटारसायकलला उडवलं, दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध घातला. त्या निबंधाने देश पेटला. मग वडिलांना अटक, आजोबांना अटक, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक, पुढे आईलाही. मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं. त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या फेटाळण्यावरही लोक खवळले. एक वकील म्हणून सांगतो, तो मार्ग आधीच अरुंद झालेला होता. २०१६ मध्ये दिल्लीत, अठरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी असलेल्या मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरवलेली नाही, तो बाल न्याय कायद्याच्या अर्थाने ‘निर्घृण’ गटात बसत नाही. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. तुम्हाला पटो न पटो, कायदा असा आहे. आणि खरं सांगू? मुलाला प्रौढ धरा म्हणून जेवढी ओरड झाली, त्याच्या निम्मीही ओरड घरातल्या प्रौढांना प्रौढ धरा म्हणून झाली नाही. त्या गाडीची कायम नोंदणीसुद्धा झाली नव्हती. त्यासाठी १,७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं. कोट्यवधीची गाडी, सतराशे रुपयांची नोंदणी नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही, आणि तरी ती बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडते. फाटक कोणी उघडलं? पुण्याला हसू नका. आपल्याकडे पोर्शे नाही, स्कूटर आहे. फाटक तेच आहे.

आता या वयाबद्दल थोडं, थोडंच, कारण हे तुम्हाला घरी रोज दिसतं.

सतराव्या वर्षी डोळे तीक्ष्ण असतात, हात चपळ असतात. गाडीवरचा ताबा कित्येकदा बापापेक्षा चांगला असतो. मग बिघडतं कुठे? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. मुलांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला. एकटे असताना मुलं आणि मोठी माणसं यांच्यात फार फरक नव्हता. मित्र शेजारी उभे राहून बघायला लागले की मुलांनी घेतलेले धोके एकदम वाढले, मोठ्यांचे वाढले नाहीत. गाडी चालवायला येणं वेगळं आणि कोणी बघत असताना ती हळू चालवता येणं वेगळं. आता त्या बघणाऱ्या मित्रांत मोबाइलचा कॅमेरा मिळवा. रील पाहणारे हजार मित्र मागच्या सीटवर बसलेले असतात.

वेगाचं गणितही शाळेतलंच आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. समोर कोणी आलं हे डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच. तेवढ्यात आपल्या दीडशे फुटी रस्त्यावर किती दुकानं मागे गेली ते मोजा. दुकानं म्हणतोय मी, पण दुकानासमोर माणसं उभी असतात.

हेल्मेटबद्दल एकच. चांगल्या हेल्मेटने डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची सुमारे ४२ टक्क्यांनी घटते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने ते सक्तीचं आहे. आणि मुलाने ते डिकीत ठेवलं म्हणून रागावणाऱ्या बापाचं स्वतःचं कुठे असतं? कोपरात अडकवलेलं.

मघाशी मी विचारलं, का दिली? या प्रश्नावर मला आज सर्वांत जास्त वेळ थांबायचं आहे, कारण इथे वकील, पोलीस, शिक्षक सगळेच पालकांना झोडून मोकळे होतात आणि घरी जातात.

भाईंदर पश्चिमेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. स्टेशनबाहेरची रिक्षांची झुंबड, साठ फुटी, नव्वद फुटी रस्ते, दोन्ही बाजूंना लागलेल्या गाड्या, आणि मधून जो उरेल तो रस्ता. नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान मागे टाकलं की मुर्धे, राई, मोर्वा, पुढे डोंगरी, उत्तन, पाली, चौक. गावांच्या कुशीतून जाणारा रस्ता, मिठागरं, खाजण, तिवरं. ही गावं भाईंदर शहर व्हायच्या कितीतरी आधीची. उत्तनची मासळी भल्या पहाटे याच रस्त्याने बाहेर पडते. रविवारी वेलंकनी मातेच्या चर्चला, चौकच्या चिमाजी अप्पांच्या स्मारकाला, गोराईच्या किनाऱ्याला जाणारी गर्दी याच रस्त्याने आत शिरते. आणि रविवारी उशिरा तीन-तीन पोरं बसलेल्या बाइक परत येतात त्याही इथूनच. त्या वळणांवर राहणाऱ्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

आता या रस्त्यावरच्या एखाद्या गावातली अकरावी-बारावीची मुलगी घ्या. कॉलेज सकाळी, क्लास संध्याकाळी. कित्येकींचा क्लास लोहमार्गाच्या पलीकडे, पूर्वेला. क्लास सुटतो साडेनऊला. बस येईल की नाही याची खात्री नाही, शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की कोणत्या कोपऱ्यात कोणाशेजारी बसायचं याचा विचार त्या मुलीला करावा लागतो. काही पट्ट्यांत पदपथ नाही, काही ठिकाणी आहे तर त्यावर गाड्या आहेत. वडील आठ-पंचावन्नच्या लोकलने दादरहून निघून अजून वाटेतच असतील. आई म्हणते, घे बाई स्कूटर, पण सरळ घरी ये. या आईला मी पिंजऱ्यात उभं करू? कायद्याने करता येतं. पण तिने किल्ली लाडाने दिलेली नाही. मुलीला उपद्रव होऊ नये म्हणून दिली. एका भीतीवर तिने दुसरा धोका पत्करला, आणि पहिली भीती तिला रोज दिसते, दुसरी दिसत नाही.

मुलांचं थोडं वेगळं आहे. तिथे कौतुक आहे, हे मान्य करा. “आमचा सातवीपासून चालवतो,” असं सांगताना बापाचा आवाज कसा फुलतो! पण कौतुक बाजूला ठेवलं तरी सोय उरतेच. मुलगा गाडी चालवायला लागला की घरातली निम्मी कामं हलकी होतात. त्या कामांसाठी गावाने दुसरी सोय केली आहे का?

आपली महापालिका २००२ पासूनची, तिची स्वतःची परिवहन सेवा आहे. पण आपल्या बसगाड्यांचा सगळा जीव स्टेशनात. सकाळी नोकरदाराला स्टेशनवर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. पोट तिथे आहे, त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण क्लास सुटण्याच्या वेळेला, क्लासांच्या गल्ल्यांवरून पूर्वेकडून पश्चिमेला आणि पुढे गावांकडे जाणारी ठरलेली बस, अमुक वाजता म्हणजे अमुक वाजताच, ही मागणी आपण कधी केली? मेट्रो नऊचं शेवटचं स्थानक आपल्या सुभाषचंद्र बोस मैदानापाशी आहे. आनंद आहे. ती मेट्रो दहिसरला जाईल. मोर्व्याला जाणार नाही. सायकलचं म्हणाल तर ज्या रस्त्यावर रिक्षा आणि टँकर एकमेकांना चिकटून जातात तिथे कोणता बाप मुलाला सायकल देईल? स्कूटर देतो, कारण ती निदान पळून निसटू शकते असं त्याला वाटतं.

कॉलेजांनी आवारात अल्पवयीनांच्या गाड्या घेणं बंद केलं. चांगलं केलं. मग त्या गाड्या गेल्या कुठे? मागच्या गल्लीत, चहाच्या टपरीसमोर, शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडला चिकटून. प्राचार्यांना दिसत नाहीत एवढाच फरक झाला. टपरीवाल्याला कोणाची गाडी कोणती हे पाठ असतं. पोलिसांनी एक दिवस गाडी धरली की बाप येतो, कोणाला तरी फोन लावतो, फोनवरचा दुसऱ्याला लावतो. ज्याच्या ओळखीने आज गाडी सुटते त्याला पुढे कोर्टात कोणी साक्षीला बोलावत नाही, हे मात्र मी पाहिलं आहे.

आता लायसन्सचं पाहू. इथे मला फार बोलायचं नाही, कारण सगळ्यांना अनुभव आहे.

आपल्याला पूर्वी एमएच ०४ च्या आरटीओत, ठाण्याला जावं लागायचं. २०२५ मध्ये मिरा-भाईंदरला एमएच ५८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. कार्यालय जवळ आलं, हे छान. पण परीक्षा कसली होते? शिकाऊ लायसन्सची चाचणी २०२१ पासून घरबसल्या संगणकावर देता येते. घरात बसलेल्या बारा हातांपैकी कोणता हात उत्तरं दाबतो हे संगणकाला कितपत कळतं, ते तुम्हीच ओळखा. मग तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी. दुचाकीवर आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही. आठचा आकडा म्हणजे हळू गाडी चालवता येते का याची परीक्षा! रात्री, पावसात, मागे मित्र बसलेला असताना, समोरून टँकर आल्यावर हा मुलगा काय करेल, हे त्या आकड्यातून कसं कळणार?

न्यूझीलंडने १९८७ मध्ये एक पद्धत आणली आणि मग जगभर ती पसरली. लायसन्स टप्प्याटप्प्याने. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी नाही, आणि अनुभवी चालक शेजारी असल्याशिवाय मित्रांना घेऊन फिरणं नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एकवीसच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तास चालवल्याची नोंदवही दाखवावी लागते. आपल्याकडे तीस दिवस, तेही गाडीला हात न लावता गेले तरी चालतात.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दिल्लीला आपल्या मताची घाई नाही. पण न्यूझीलंडने जे केलं त्यातलं बरंचसं आपल्या जेवणाच्या टेबलावर होऊ शकतं, आणि ते अठरा पूर्ण झालेल्या मुलांसाठी आहे हे नीट ऐका. लायसन्स मिळालं म्हणजे चालक झाला असं नव्हे. पहिलं वर्ष रात्री दहानंतर गाडी नाही. पहिलं वर्ष मागे मित्र नाही. आई, आजी चालेल. आजी मागे बसली की कोणाचा मुलगा कट मारतो ते मला दाखवा! आणि मोबाइल डिकीत. अठराच्या आत तर प्रश्नच नाही. दूध चालत आणायचं.

पालकांना एवढं सांगितल्यावर गावालाही काही मागावं लागेल. महापालिकेकडे मागायचं ते हे, की क्लासच्या वेळेला बांधलेली रात्रीची बस, आणि मुर्धे ते उत्तन या पट्ट्यात चालणाऱ्यासाठी सलग कडा, दिव्यांसह. क्लासचालकांकडे मागायचं ते असं, शेवटची बॅच आठच्या आत सोडा. हे ऐकून क्लासवाले हसतील. पण फी आपण भरतो, मग वेळही आपण ठरवू शकतो. वाहतूक पोलिसांकडे मागायचं तर कॉलेजच्या फाटकावर नव्हे, मागच्या गल्लीत उभे राहा, आणि मुलाला पावती देऊन सोडण्याऐवजी १९९ अ खाली मालकाला बोलवा.

शेवटी एक विनंती, आणि ती सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना आहे. तुमच्या वॉचमनला पहाटे कोणती स्कूटर कोणाच्या हातातून बाहेर पडते हे पक्कं माहीत असतं. पार्किंगचं स्टिकर तुम्ही देता. ते देताना आरसी बुकाची प्रत मागता. यापुढे त्याबरोबर त्या घरात गाडी कोण कोण चालवतं त्यांची नावं आणि लायसन्सच्या प्रती मागा, आणि त्या यादीत नसलेल्याच्या हाती गाडी दिसली तर सेक्रेटरीने त्याच दिवशी घरी फोन करायचा, एवढा साधा ठराव करा. दंड करू नका, भांडण वाढेल. फोन करा. सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गळती, लिफ्ट, पाण्याचा टँकर हे विषय दरवर्षी असतात. या वर्षी विषयपत्रिकेत हा एक विषय जास्त घाला, आणि पहिली प्रत सेक्रेटरीने स्वतःच्या घरातली लावावी.